अनुभव धागा : आपल्या एमआयडीसीत कंपन्या का येतात, का थांबतात, का जातात?

वाळूजचा_भाचा

परवा पैठणला जाताना बिडकीनच्या अलीकडे गाडी थांबवली. ऑरिकचे (शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीचे) ते भलेमोठे रस्ते, लाइटचे खांब, आणि एक म्हातारा तिथे निवांत शेळ्या चारतोय. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करने सरकारशी करार केला तेव्हापासून आमच्या घरात लग्नं, बारसं, दहावं काही असो, विषय एकच, "अजून कोण येणार?" पेपरात आकडेच आकडे असतात, वीस हजार कोटी वगैरे. पण कंपनी येते म्हणजे नेमकं काय होतं हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी इथे लिहा. कंपनीवाले, शेतकरी, व्हेंडर, एचआर, सगळे या. राजकारण नको. गावाचं नाव औरंगाबाद लिहा नाहीतर संभाजीनगर लिहा, त्यावरून भांडण नको.

सुरुवात मी करतो. माझे मामा १९८५ ला बजाजच्या वाळूज प्लांटला लागले. तेव्हा पंढरपूरच्या पुढे (विठोबाचं नव्हे, आपलं छोटं पंढरपूर) नुसतं माळरान. मामी रडली होती म्हणे ते बघून. आज तिथे फ्लॅट घ्यायला गेलात तर तुम्ही रडाल.

के_सेक्टर

मी भोसरीतली नोकरी सोडून १९९२ ला वाळूजला शेड टाकली. लोकांना वाटतं आम्ही विक्रीकराच्या सवलतीसाठी आलो. सवलत होतीच, ती नसती तर बँकेने दारात उभं केलं नसतं, पण खरं कारण म्हणजे गिऱ्हाईक इथे होतं. मोठ्या कंपनीची लाइन सकाळी सुरू होते आणि पार्ट नाही पोचला तर फोनवर जे ऐकावं लागतं ते इथे लिहिता येत नाही. पुण्याहून अडीचशे किमी टेम्पो पळवून ते जमत नाही.

पण गंमत पुढे आहे. सुरुवातीला हीट ट्रीटमेंट पुण्याला, प्लेटिंग पुण्याला, डाय (पार्टचा साचा) फुटली तरी पुण्याला. निम्मा नफा डिझेलमध्ये. मग हळूहळू एकाने प्लेटिंग टाकलं, एकाने फोर्जिंग, माझ्याच एका फोरमनने माझं काम सोडून वायर-कटचं मशीन घेतलं (दोन वर्षं बोललो नाही त्याच्याशी, आता माझं सगळं काम त्याच्याकडेच जातं). एन्ड्युरन्स, व्हॅरॉक ह्या आज देशाबाहेर प्लांट असणाऱ्या कंपन्या इथेच उगवल्या. नंतर ऑटो क्लस्टर झालं, टेस्टिंगची सोय झाली. आता बाहेरची पार्टी आली की जमिनीचा भाव नंतर विचारते. आधी विचारते, टूलरूम (डाय-साचे बनवणारे वर्कशॉप) किती आहेत, प्लेटिंग कोण करतं. हे कुठल्याही शासन निर्णयाने एका रात्रीत येत नाही.

दुभाषी_ताई

मी कोरियन दुभाषी. एका पार्टीबरोबर तीन दिवस साइट बघत फिरले होते, नाव सांगणार नाही. आपल्याकडच्या साहेबांनी सुंदर प्रेझेंटेशन केलं, शेंद्रा-बिडकीन मिळून दहा हजार एकर, सगळ्या केबली जमिनीखालून, पाणी-वीज एका कंट्रोल रूममधून. पाहुणे माना डोलावतायत. मग त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने पहिला प्रश्न विचारला, "वीज महिन्यातून किती वेळा झपकते?" साहेब म्हणाले, इथे लोडशेडिंग नाही. तो म्हणाला, जाण्याबद्दल नाही विचारत, झपकण्याबद्दल विचारतोय. त्यांची प्रोसेस चोवीस तास चालणारी, अर्धा सेकंद व्होल्टेज पडलं तरी आख्खी लाइन साफ करून पुन्हा चालू करावी लागते. झपकणे ह्याला कोरियनमध्ये काय म्हणायचं ह्यात मीच दोन मिनिटं अडकले, आणि तो आकडा हॉलमधल्या कुणाकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेरूळची ट्रिप रद्द केली (मला वाईट वाटलं, मी कैलास लेण्यावर तयारी करून आले होते) आणि सांगितलं की इथे आधीपासून असलेल्या परदेशी कंपनीच्या मॅनेजरला भेटायचंय, सरकारी माणूस सोबत नको. दोन तास बसले. वीज, पाणी, युनियन, पोरांची शाळा, आजारी पडलं तर कुठलं हॉस्पिटल, सोलला जाताना विमानं किती बदलायची. माझ्या मते निर्णय त्या खोलीत झाला, आदल्या दिवशीच्या हॉलमध्ये नाही.

एचआर_मॅडम

दुभाषी ताईंनी शाळा म्हटलं म्हणून लिहिते. आमच्या कंपनीत चांगल्या पगारावर डिझाइन इंजिनियर मिळत नाहीत असं नाही, ते मिळतात आणि लग्न झालं की जातात. बायको हिंजवडीत आयटीला, ती इथे येऊन काय करणार? सिनियर माणूस मुलाखतीला आला की शेवटी हळूच विचारतो, पाणी किती दिवसांनी येतं? जायकवाडीसारखं धरण उशाशी आणि शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, हे कुठल्या तोंडाने सांगायचं. मी आधी "टँकर असतो" म्हणायचे, आता "सोसायटीत बोअर आहे" म्हणते.

आणि ९ ऑगस्ट २०१८ कुणी काढत नाही म्हणून मीच काढते. मराठा आरक्षणाच्या बंदच्या दिवशी वाळूजमध्ये जी तोडफोड झाली तेव्हा मी ड्यूटीवर होते. रिसेप्शनच्या काचा, कॉम्प्युटर, बाहेरच्या गाड्या. मागण्या काय, कोणाचं बरोबर, तो विषय वेगळा. पण नंतर जवळजवळ वर्षभर हेड ऑफिसच्या प्रत्येक मीटिंगमध्ये एक्सपान्शनचा विषय निघाला की कुणीतरी त्या दिवसाचे फोटो काढायचंच.

होसूरवासी

मी मूळचा जालन्याचा, नऊ वर्षं होसूरला. तमिळनाडूच्या सिपकॉटने (म्हणजे तिकडची एमआयडीसी) सीमेवर इंडस्ट्री वसवली, अशोक लेलँड, टीव्हीएस, टायटन सगळे आले. पण होसूरचं अर्धं यश बंगळूरचं आहे, चाळीस किमीवर, त्यामुळे साहेब लोक राहतात कर्नाटकात आणि कंपनीच्या बसने कामाला येतात तमिळनाडूत. शाळा, मॉल, विमानतळ सगळं शेजारच्याचं फुकटात. आपल्या संभाजीनगरला असा श्रीमंत शेजारी नाही, जे पाहिजे ते स्वतःच उभं करायला लागणार. इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरचा प्लांट इथे होसूरला आहे, आणि पुढचा बिडकीनला जाहीर झाला तेव्हा कँटीनमध्ये लोक मला विचारायला लागले, भाई, कैसा है तेरा गाँव? मी म्हटलं रस्ता एक नंबर. पाण्याचं बोललो नाही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून रस्त्याचं तरी छाती ठोकून सांगता येतं.

नाराज_लघुउद्योजक

सगळ्यांचं कौतुक वाचलं. आता आमचं ऐका. डी प्लस (उद्योगात मागास) तालुका म्हणून कागदावर जी सवलत आहे ती हातात पडायला मला किती खेपा झाल्या ते मोजायचं सोडून दिलं. मोठ्या कंपनीला रेड कार्पेट, स्पेशल पॅकेज, मंत्री विमानतळावर. आणि मी, ज्याच्याकडे चाळीस पोरं कामाला आहेत, त्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. एकदा तर फाइलच सापडेना, शेवटी शिपायाने कपाटावरून धूळ झटकून काढून दिली. वर कित्येक प्लॉट असे की पत्रे ठोकून ठेवलेत, आत बाभळी. घेणाऱ्याला कारखाना काढायचाच नव्हता, भाव वाढायची वाट बघायची होती. खरा उद्योग करणारा मात्र भाड्याच्या शेडमध्ये.

पाण्याचंही तेच. २०१६ च्या उन्हाळ्यात कोर्टाने बिअरवाल्यांसोबत बाकी इंडस्ट्रीचंही पाणी कमी केलं. बरोबरच होतं, माणसं आणि जनावरं आधी. पण त्या दोन महिन्यांत माझी एक ऑर्डर जी चाकणला गेली ती गेलीच.

के_सेक्टर

@नाराज, प्लॉटचं शंभर टक्के खरं. माझ्या शेजारचा प्लॉट अकरा वर्षं रिकामा, साप निघतात.

बिडकीनचा_पोऱ्या

लई उशिरा लिहायलो, सगळं वाचलं. आमची जमीन गेली ऑरिकमध्ये, एकरी तेवीस लाख मिळाले. गावात एकदम पैसा आला की काय होतं ते बघितलंय. पयल्या वर्षी पांढऱ्या गाड्या, दुसऱ्या वर्षी बंगले, तिसऱ्या वर्षी भाऊबंदकीच्या केसेस. आमच्या बापाने त्यातून पैठणकडे दुसरी जमीन घेतली म्हणून वाचलो, चुलत्याने जेसीबी घेतला तो हप्त्यात गेला.

तुम्ही म्हणता कंपनी काय बघती. आमी काय बघत होतो सांगू का. जमीन गेली तवा मी दहावीत, सांगितलं होतं घरटी नोकरी लागंल. मी आयटीआय केलं, फिटर. सर्टिफिकेट हातात आलं तवा समोर नुसते रस्ते. त्या रस्त्यावर आमी गाडी शिकलो, क्रिकेट खेळलो, लग्नाचे फोटो पण तिथंच काढले, मागं एक बी कंपनी नाही. मंग वाळूजला कॉन्ट्रॅक्टवर लागलो, जायला एक तास यायला एक तास. आता म्हणतात भरती निघंल. पण ज्यांच्या जाहिराती दिसायल्या त्यांना डिप्लोमा पाहिजे, रोबोट चालवता यायला पाहिजे. मी तिशीला आलो भौ.

एचआर_मॅडम

@बिडकीनचा_पोऱ्या, फिटर आहात आणि वाळूजचा अनुभव आहे तर डिप्लोमा नसला तरी मेंटेनन्समध्ये घेतात. वायरिंग आणि पीएलसीचा (मशीन चालवणारा कंट्रोलर) बेसिक कोर्स करून घ्या, संध्याकाळच्या बॅच असतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्याकडे बघते.

बिडकीनचा_पोऱ्या

केला व्यनि मॅडम. सेकंड शिफ्ट असती, रात्री बारानंतर बघतो.