तुलांबेन (बाली): आधी डायव्हिंग की आधी बातूरची चढाई? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर मी आणि पत्नी पुण्याहून बालीला जाणार आहोत. दोघांकडेही ओपन वॉटर (डायव्हिंगचे प्राथमिक) प्रमाणपत्र आहे, मात्र आजवर आम्ही फक्त कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ आणि तेही बोटीतून उडी मारूनच डाईव्ह केले आहेत. या वेळी मुख्य ओढ आहे ती तुलांबेनच्या ‘लिबर्टी’ जहाजाची. १९४२ साली जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालेले हे अमेरिकी मालवाहू जहाज किनाऱ्याला लावून ठेवले होते. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते समुद्रात ढकलले गेले. आता ते किनाऱ्यापासून अगदी जवळ, सुमारे ५ ते ३० मीटर खोलीवर आहे. आमच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटरची असल्याने तळाचा भाग आम्ही सोडून देणार आहोत.

अडचण वेळापत्रकाची आहे. सहलवाल्यांनी दोन दिवस डायव्हिंग आणि लगेच दुसऱ्या पहाटे बातूर ज्वालामुखीवर चढून सूर्योदय, असा बेत आखून दिला आहे. बातूर १७१७ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या सिंहगडाहूनही बराच वर. लागोपाठ डाईव्ह केल्यावर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास थांबावे, असा सर्वसाधारण दंडक आहे, कारण डाईव्हमध्ये रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात; आणि त्या नायट्रोजनला तुम्ही विमानाने वर गेलात की पायी, याच्याशी काही देणेघेणे नसते. (तारकर्लीहून डाईव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून पुणे गाठणाऱ्यांनीही याचा विचार करायला हवा, असे माझे मत आहे.) त्यामुळे बातूर आधी, मग तुलांबेन आणि परतीच्या विमानापूर्वीचा पूर्ण दिवस समुद्रकिनारीच, असा उलटा क्रम मला योग्य वाटतो. तुलांबेनहून विमानतळाकडे येताना किंतामणीचा डोंगरातला रस्ता टाळून अमलापुरामार्गे यावे, असाही विचार आहे. त्या वाटेवर कितपत चढ लागतो, हे कोणी सांगू शकेल का?

दुसरा प्रश्न पाण्यात उतरण्याचा. तिथे वाळूऐवजी ज्वालामुखीचे काळे, गुळगुळीत गोटे आहेत आणि लाट मागे सरताना ते पायाखालून घरंगळतात, असे व्हिडिओंत दिसते. पत्नीचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. सिलिंडर पाठीवर घेऊन हे गोटे तुडवण्याऐवजी जॅकेट आणि सिलिंडर कंबरभर पाण्यात गेल्यावर चढवता येतात का, तिथले मार्गदर्शक तशी मदत करतात का, आणि जाड तळव्याचे बूट इथूनच न्यावेत का, हे तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.