मॉर्मन पंथ सोडला, पण घरी कसं सांगू?

भुसावळकर: बंगळुरूला जॉबला असताना मॉर्मन झालो, अमेरिकेतून आलेला ख्रिस्ती पंथ आहे, त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही म्हणून आठ वर्षं चहा बंद, गावी आलो की काकू बशीत ओतून पुढे करायची न मी नको म्हणायचो, तिला अजून वाटतं मला ॲसिडिटी आहे. मग त्यांच्या धर्मग्रंथातल्या अब्राहमच्या पुस्तकाचं वाचलं, अब्राहम म्हणजे बायबलमधला. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथनी १८३५ ला इजिप्तचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची जुनी लिखाणं, घेतले न त्यावरून भाषांतर केलं म्हणे. त्यातले तुकडे १९६७ ला न्यूयॉर्कच्या म्युझियमनी चर्चला दिले, तज्ज्ञांनी वाचले तर मयतासोबत ठेवायचे मंत्र निघाले! अब्राहमचं नावच नाही त्यात, चर्चनी स्वतःच्या वेबसाइटवर मान्य केलंय. तिथंच मन उठलं. बायको मात्र अजून मानते.

रावेरची_केळी: मूळ भाग हरवला, किंवा पपायरस फक्त निमित्त होतं, असंही चर्चवाले म्हणतात भो. मला नाही पटलं. मला तर १९७८ नी तोडलं, तोवर काळ्या पुरुषांना पौरोहित्यच नव्हतं, न देवाला हे तेव्हा सुचलं का?

जळगाव_ताई: वहिनीला पुरावे दाखवत बसू नको रे दादा, माझं तसंच भांडण वाढलं होतं. चर्चच्या रेकॉर्डमधून नाव काढायचं तर लेखी कळवावं लागतं, त्याची घाई काय आहे? आधी वहिनीशी बोल.

भुसावळकर: बरं ताई. काल काकूकडे अर्धा कप घेतला, ती म्हणे ॲसिडिटी गेली वाटतं.