क्रोशाच्या टोप्या कुणाला उपयोगी पडतील?

वाडीतली_सून (वसई):
पलंगाखालून लोकरीचे गुंडे बाहेर डोकावू लागलेत. संध्याकाळची रोझरीची (जपमाळेची) प्रार्थना आटोपली की मी क्रोशा घेऊन बसते. नवरा विचारतो, "वसईच्या उकाड्यात हे घालणार कोण?" बोलणं खरंय त्याचं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चची सेंट व्हिन्सेंट दे पॉल सोसायटी गरजू घरांसाठी सामान जमवते. त्यात माझ्या टोप्या चालतील का? सासूबाईंचं मत ठरलेलं: "तांदूळ दे, बाकीचे लाड नकोत."

निवृत्त_मास्तर:
मी सोसायटीत आहे, म्हणून सांगतो. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी ही सोसायटी काढली, तेव्हापासून घरभेट हेच मुख्य काम. आम्ही दोघं-दोघं जातो, बसतो, ऐकतो, मग काय द्यायचं ते ठरतं. मागे एका आजींना डाळ-तांदूळ नको होतं, चष्मा हवा होता! तेव्हा आधी सभेत विचारा. आणि हो, कुणाच्या घरी काय दिलं ते बाहेर बोलायचं नसतं.

सुईदोरा:
तान्ह्या बाळांसाठी विणा, पण लोकर नको, टोचते. मऊ सुती दोरा घ्या. मणी, बटणं, गोंडे अजिबात लावू नका, बाळ तोंडात घालतं. धुऊन, उन्हात वाळवून द्या. घरात झोपवताना टोपी काढायची, हेही आईला सांगा.

वाडीतली_सून:
गोंडे तर मी हौसेने लावले होते, आज उसवते. रविवारी मिस्सा झाल्यावर सभेतल्या काकांना गाठते. तांदूळही देईन, नाहीतर घरात राहणं कठीण! सुती दोऱ्याला कितव्या नंबरची सुई घेता?