आयबीएससाठी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा जुना त्रास) सायकॉलॉजिस्टकडे कोणी गेलंय का? (जळगाव-भुसावळ साइड)

रावेरचा_केळीवाला:
मंडळी नमस्कार. वय ३४, केळीची शेती. पोटाचा त्रास जुना आहे, सकाळी तीन-तीनदा जावं लागतं, आधी मुरडा येतो, जाऊन आलं की जरा बरं, आणि गावाला निघायचं म्हटलं की परत सुरू. केळीचा भाव पडला किंवा माल कापून नेला आणि व्यापाऱ्याकडे पेमेंट लटकलं, की त्या आठवड्यात तर विचारूच नका. कोलोनोस्कोपी नॉर्मल, रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. जळगावच्या पोटाच्या डॉक्टरांनी आयबीएस सांगितलं, गोळ्या चालू आहेत, थोडाफार फरक आहे. मागच्या वेळी ते म्हणाले आता एखाद्या सायकॉलॉजिस्टला पण दाखवा. घरी सांगितलं तर आई म्हणे तुले काय येड लागलं का, वडील म्हणे ठेचा अन् शेवभाजी बंद कर. ती तर कधीच बंद केली, भरीत पण सोडलं, ते पण ऐन थंडीत. माझा प्रश्न एवढाच, दुखतं तर खरंच, मग तिथे नुसतं बोलून काय होणार?

अमळनेरची_लेक:
दादा, मला पण हेच होतं, मी सीबीटी घेतली (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी). 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं कोणी म्हणत नाही तिथे. पहिल्यांदा डायरी लिहायला लावली, त्रास कधी झाला, त्याच्या आधी काय चाललं होतं, डोक्यात काय आलं आणि मग मी काय केलं. त्यातून बाहेर आलं की मी एसटीत बसायच्या आधी उगाच दोनदा बाथरूमला जायची, लग्नात सगळ्यात कडेची खुर्ची पकडायची, बाहेर जायचं तर सकाळपासून उपाशी. आणि हे जितकं करत गेले तितकी भीती पक्की होत गेली. मग ते एकेक सोडायला लावलं, आधी जवळचा प्रवास मग लांबचा, सोबत पोटाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस. पोट एकदम बरं झालं असं नाही म्हणणार, अधूनमधून बिघडतंच, पण आता लग्नाला जाते आणि पंगतीत बसून वरण-बट्टी खाते.

धुळेकर_भो:
काय भो, हे सगळे पैसे उकळायचे धंदे. रात्री त्रिफळा घे, दुपारी ताक पी, टेन्शन घेऊ नको. आपले आजोबा कोणत्या सायकॉलॉजिस्टकडे गेले होते?

भुसावळ_फार्मा:
भाऊ 'टेन्शन घेऊ नको' म्हटल्याने टेन्शन गेलं असतं तर माझं दुकानच बंद पडलं असतं. आणि ज्याला आधीच जुलाब होतात त्याला त्रिफळा कुठे सांगतो, त्याने पोट अजून साफ होतं. ताक पण सगळ्यांना चालत नाही, कोणाला दुधाच्या पदार्थांनीच होतं.

केळीवाले भाऊ, आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं, आणि व्हेगस नावाच्या नसेतून मेंदूशी सारखी देवाणघेवाण चालू असते. आयबीएसमध्ये आतडं फाटलेलं-सुजलेलं नसतं म्हणून रिपोर्ट नॉर्मल, पण सिग्नल वाढून येतात. शेतातल्या मोटारीचा रिले फार कमी अँपियरवर सेट केला तर मोटार चांगली असून सारखी ट्रिप होते ना, तसं. थेरपी त्या सेटिंगवर काम करते. दुखणं खरंच असतं.

हे आजचं फॅड पण नाही. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये हिप्नोथेरपीचा (संमोहनाने उपचार) अभ्यास लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापला, औषधांनी न सुधारलेले ३० पेशंट होते, हिप्नोथेरपीवाल्यांना बराच जास्त फरक पडला. छोटा अभ्यास, पण पुढे अजून झाले. (स्टेजवर माणसाला कोंबडा बनवतात ते हे नाही, पेशंट पूर्ण शुद्धीत असतो.) इंग्लंडच्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या गाइडलाइनमध्ये तर १२ महिने औषध घेऊन फरक नाही पडला तर सीबीटी किंवा हिप्नोथेरपीचा विचार करा असं आहे.

अजून एक. कधीकधी डॉक्टर अमिट्रिप्टिलीन कमी डोसमध्ये देतात, घरचे पाकीट बघून म्हणतात ही तर डिप्रेशनची गोळी. एवढ्या डोसला ती आतड्याच्या नसांसाठी असते, २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये उपयोग दिसला. पण चिठ्ठीशिवाय मागायला येऊ नका, देणार नाही.

आणि संडासातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, हिमोग्लोबिन कमी, यातलं काही असेल तर थेरपी नंतर, आधी पोटाचा डॉक्टर. गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते त्या सेलिॲक आजाराची टीटीजी ही रक्ताची टेस्ट झाली नसेल तर विचारून घ्या.

रावेरचा_केळीवाला:
यातलं काही नाही, टीटीजीचं विचारतो. पण दर आठवड्याला जळगावला कोण जाईल, कटाई चालू असते. फोनवर होतं का?

अमळनेरची_लेक:
होतं ना, माझे पण निम्मे सेशन व्हिडिओ कॉलवरच झाले.

भुसावळ_फार्मा:
इंग्लंडमध्ये ५५८ पेशंटवर फोनवरची आणि वेबसाइटवरची सीबीटी तपासली होती, २०१९ मध्ये छापून आलं, दोन्हींचा फायदा झाला. फक्त क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन बघून घ्या, आणि आयबीएसचे पेशंट पाहिलेत का ते सरळ विचारा. मन फारच खालीवर होत असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. पण तिथे आठवड्याच्या आठवड्याला थेरपी होईल असं समजू नका.

धुळेकर_भो:
बरं भो, माझा पोरगा दहावीला आहे, पेपर जवळ आला की पोट धरून बसतो. पोरांना चालतं का हे?

भुसावळ_फार्मा:
आलात ना लाइनवर. चालतं, नेदरलँड्समध्ये मुलांवरच हिप्नोथेरपीचा अभ्यास झालाय. पण आधी लहान मुलांच्या डॉक्टरकडे न्या, वजन-उंची बघतील. त्याला पण त्रिफळा देत होते का?

धुळेकर_भो:
आजीने दिला होता एकदा.