सर्व्हिसचं एस्टिमेट १२,५५०! यातलं घरी काय करता येईल?

विक्रोळीची_बाई

गाडी २०१८ ची, छोटी, पेट्रोल. मीटरवर ४१,०००. वॉरंटी केव्हाच संपली. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे गाडी निघते ती भाजीला, आईकडे ठाण्याला आणि मे महिन्यात एकदा गावी.

शनिवारी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मुलगा फार नम्र. चहासुद्धा विचारला. टॅबवर आकडे दाखवले ते करासकट असे: ऑइल आणि ऑइल फिल्टर २,३००, एअर फिल्टर ४५०, एसी फिल्टर ६५०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००, एसी सॅनिटायझेशन १,१५०, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ९५०, इंजिन ड्रेसिंग ५५०, अंडरबॉडी कोटिंग ३,२००, लेबर २,१००. मी ‘विचार करून सांगते’ म्हणून गाडी परत आणली. वर्गात मुलांना टक्केवारी शिकवते, पण त्या टॅबसमोर काही सुचलं नाही.

यूट्यूबवर बघितलं तर जो तो ऑइल बदलतोय. मिस्टर म्हणतात, तू पाना हातात घेणार असशील तर मी आधी विमा बघतो. सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे, जमीन सपाट आहे, रविवार मोकळा असतो. यातलं खरंच काय जमेल? कंपनी कुठली ते विचारू नका, नाव लिहिणार नाही.

जुना_फिटर

ताई, बेस्टच्या वर्कशॉपात ३१ वर्षं फिटर होतो. अर्धं आयुष्य लेलँडच्या पोटाखाली गेलं. त्यामुळे ऑइल बदली म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटायचं.

रिटायर झाल्यावर पहिल्याच वर्षी स्वतःच्या गाडीचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, मीच घालवलं. ऑइल सोडायचा ड्रेन नट बसला होता नीट. पण बसचा हात ना! गळायला नको म्हणून अजून एक पिळा दिला, आणि पाना एकदम हलका झाला. तो हलकेपणा हाताला कळतो आणि पोटात गोळा येतो. नट काढून बघतो तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. म्हणजे चेंबरचे आटे गेले. रविवारची संध्याकाळ, गाडी लालबागला गल्लीत जॅकवर, चाळीतली पोरं कठड्याला ओळीने उभी. सोमवारी टोइंगवाला बोलावला. लेबरचे आठशे वाचवायला गेलो आणि ५,४०० देऊन आलो. बायको अजून काढते.

म्हणून सांगतो, ऑइल घरी बदलू नका. येणार नाही असं नाही, येईल. पण गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीच जायचं नाही. जॅक सरकला की संपलं. गाडी टेकवायला दोन स्टँड हवेत, नट किती आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना हवा, नटाचा वॉशर दर वेळी नवा हवा. एवढं सामान वर्षातून एकदा वापरायला घेणार, आणि वर तीनेक लिटर काळं ऑइल घेऊन फिरणार कुठे? गटारात ओतायचं नाही, ते घातक कचऱ्यात मोडतं. त्यापेक्षा ते २,३०० द्या, बिनधास्त.

मात्र ऑइल वेळेवर बदला. मीटर कमी पडलाय म्हणून दोन वर्षं ढकलू नका. भाजीला जाऊन परत येईपर्यंत इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ ऑइलमध्येच राहते. शिवाय एलबीएस रोडवर ट्रॅफिकमध्ये पाऊण तास उभं राहिलात तर इंजिन चालू असतं, मीटर मात्र तिथेच. वर्ष किंवा १०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमचं वर्षच आधी होतंय.

आता बाकीच्या ओळी. पैसे तिथे आहेत. मॅन्युअलमध्ये मागे सर्व्हिसचा तक्ता असतो, तो उघडा आणि एस्टिमेटशेजारी ठेवा. इंजिन ड्रेसिंग त्यात सापडणार नाही. ते नुसतं चमकवायचं पाणी आहे, बॉनेट उघडल्यावर बरं दिसावं म्हणून. अंडरबॉडी कोटिंगही नसेल. समुद्राकाठी गाडी उभी राहत असेल तर मी एकदा विचार केला असता, तुमची विक्रोळीला स्टिल्टखाली आहे. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, तेव्हाच साफ करायची जेव्हा सिग्नलला गाडी थरथरते किंवा बंद पडते. थरथरते का? नसेल तर हात लावू देऊ नका. एसीला कुबट वास येत नसेल तर सॅनिटायझेशनही नको. चार ओळी गेल्या, ५,८५० गेले. पाना न उचलता.

अलाइनमेंट टायरवाल्याकडे करा, तेही गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकीकडून झिजत असतील तर.

घरी करायचंच असेल तर दोन्ही फिल्टर करा. एअर फिल्टरच्या डब्याला चाप किंवा चार स्क्रू असतात. एसी फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, जुना काढताना बाण कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतील. जुना पार्ट नंबर दाखवून घ्या, एमआरपीचं लेबल नसलेला डबा परत करा. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर आधी काळी वायर सोडवून गरम पाणी आणि जुन्या टूथब्रशने काढा, कोरडं करून व्हॅसलिन लावा. वायपरचं रबर मेच्या शेवटी बदला, जुलैत नाही. कूलंटची पातळी बाहेरच्या डब्यावर बघा. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडू नका, माझ्या एका सहकाऱ्याचा हात भाजलेला मी बघितलाय.

ब्रेक मात्र विसरा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आपल्या मुंबईत तर विचारूच नका. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीला बदलायचंच. लाइनमध्ये हवा राहिली तर पायाला पेडल स्पंजासारखं लागतं आणि गाडी थांबत नाही. ते काम रोज करणाऱ्यालाच द्या.

पार्किंग_पी२

काकांना एक जोड. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांच्यासाठी. बाहेर सर्व्हिस केली की वॉरंटी सरसकट रद्द, असं काउंटरवर ठासून सांगतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ गाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड केला होता, त्या आदेशात असली सरसकट अट घालू नका, सुटे भाग खुल्या बाजारात द्या, असंही होतं. पुढे प्रकरण अपिलात गेलं. कागदावर काहीही असो, इंजिनचा क्लेम आला की ते आधी सर्व्हिसचा रेकॉर्ड मागतात. माझी गाडी वॉरंटीत आहे, मी निमूट कंपनीत नेतो. फक्त जॉब कार्डवर ‘न विचारता जादा काम करू नये’ असं पेनने लिहून सही करतो. पहिल्या वेळी ॲडव्हायझरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची किडनी मागितली.

तळमजला_कमिटी

आमच्या सोसायटीत एकाने पार्किंगमध्ये ऑइल काढलं. फरशीवरचा डाग तीन पावसाळे झाले तरी आहे, आणि विषय दर एजीएमला निघतो. ताई, फिल्टरच करा.

विक्रोळीची_बाई

काका, मॅन्युअल सापडलं, प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. एस्टिमेटमधल्या चार ओळी तक्त्यात खरंच नाहीत. गाडी सिग्नलला थरथरत नाही, एसीला वास नाही. अलाइनमेंटही सोडली.

काल सकाळी एसी फिल्टर. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करायलाच वीस मिनिटं गेली. (२०१९ चं पीयूसी, तीन पेनं, चिंचेच्या गोळ्या.) दोन्ही बाजू आत दाबून बॉक्स खाली येतो असं व्हिडिओत होतं, माझा डावीकडचा पिन तुटला. आता तिथे रबर बँड आहे, मिस्टरांना अजून कळलेलं नाही.

फिल्टर बाहेर ओढला तर आधी गुलमोहराची वाळकी पानं मांडीवर पडली. मग तो. काळा नाही म्हणता येणार, उंदराच्या कातड्यासारखा. घड्यांमध्ये बोट घातलं तर बोट दिसेना. नवा पांढरा शेजारी ठेवला तेव्हा लाज वाटली, यातून गाळलेली हवा आम्ही आईला ठाण्याहून आणताना देत होतो.

बाणासाठी फोटो काढायला चौकट पुसली. बाणाशेजारी छापलेली तारीख आहे, २०१८ ची. गेल्या दोन्ही वर्षांची बिलं काढून बघितली. दोन्हींवर ‘एसी फिल्टर, नग १, बदलला’.

जुना_फिटर

तो फिल्टर फेकू नका. पिशवीत घालून, दोन्ही बिलांसकट मॅनेजरकडे घेऊन जा, नम्र मुलाकडे नको. आणि पिनचं मिस्टरांना सांगून टाका, ती चाळीस-पन्नास रुपयांत मिळेल.