मुंबई–कोची क्रूझ: कोचीला जहाजाची बस घ्यावी की आपली टॅक्सी?

धंतोलीचा_पोट्टा
दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन क्रूझवर जाऊन राहिलो. आमच्यासाठी समुद्र म्हणजे नागपूरचा फुटाळा तलाव, त्यामुळे अनुभव शून्य. जहाज कोचीला सकाळी लागते, संध्याकाळी निघते. जहाजवाले अर्ध्या दिवसाची बस टूर देऊन राहिले, पण भाव पाहून बाबा म्हणे, एवढ्यात अख्खी टॅक्सी येते. आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाचा नाद. कोणी केली का ही टूर?

संत्रा_बर्फी
टॅक्सी करा न भाऊ. बसमध्ये चाळीस जणांची वाट पाहण्यात जीव जाते.

प्रतापनगरची_सून
मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन बसनंच गेले होते. जहाजाच्या टूरचा एक फायदा मोठा : बसला उशीर झाला तर जहाज थांबते. टॅक्सी परतताना तोप्पुंपडीच्या पुलावर अडकली तर तुमच्यासाठी कोणी थांबत नाही.

जहाज विलिंग्डन बेटावर लागते. इंग्रजांच्या काळात बंदर खोल करताना जो गाळ निघाला, त्यातून हे बेट केलं. तिथून फोर्ट कोचीला, म्हणजे जुन्या भागात, बस रस्त्यानं फिरून जाते. छातीवर बस नंबरचं स्टिकर लावतात. सासूबाईंनी ते पदराखाली लपवलं, म्हणे लग्नात अशी वरात नाही निघाली.

बसची पहिली पायरी मात्र खूप उंच. गुडघेवाल्यांचं खरं दुखणं तेच आहे. आम्ही सांगितल्यावर ड्रायव्हरनं आपलं प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. पहिल्या थांब्यालाच सांगून टाका, लाजू नका.

बाबांना सेंट फ्रान्सिस चर्च आवडेल. १५०३ मध्ये ते लाकडाचं होतं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला अन् इथंच पुरला. नंतर अवशेष पोर्तुगालला नेले, कबरीचा दगड तेवढा राहिला. सासूबाई पाहत राहिल्या वरचे कापडी पंखे. त्यांची दोरी भिंतीबाहेर जाते अन् ओढणारा बाहेर बसायचा. "म्हणजे आतल्यांना थंड हवा अन् त्याला ऊन," एवढंच बोलल्या. मे महिन्यातल्या नागपूरच्या बाईला ते बरोबर लागलं.

चिनी जाळ्यांपाशी गाइडनं दहाच मिनिटं दिली. तिथं जास्त पाहिजे होती. एक माणूस आडव्या लाकडावर पुढं चालत जातो अन् त्याच्या वजनानंच जाळं पाण्यात उतरतं. उचलताना दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले मोठे दगड खाली येतात, चार-पाच जण ओढतात. आमच्यासमोर एवढा खटाटोप करून आले मूठभर मासे अन् एक चप्पल.

राग आला तो पुढं. मसाले-हस्तकलेच्या एका दुकानात तब्बल पन्नास मिनिटं! मग मट्टानचेरी पॅलेसला उरली वीस. बाप्पा, तिथं रामायणाची भित्तिचित्रं आहेत, ती काय धावत पाह्यची? दुकानात उतरूच नका, किंवा शेजारच्या गल्लीत निघून जा. मिरे, वेलची तिथंही मिळतात. सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) गल्लीत बस जात नाही, थोडं चालावं लागते. सिनेगॉग १५६८चं. चपला बाहेर काढायच्या, खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा. काकूंना सपाट, चटकन निघणारी चप्पल घाला.

अन् हो, वार पाहून घ्या. पॅलेस शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी.

धंतोलीचा_पोट्टा
ताई, तिकीट पाहिलं. शुक्रवारच आहे! आता बाबांना काय सांगू?

प्रतापनगरची_सून
चर्च अन् सिनेगॉग सांगा. पण सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर बंद असते, म्हणून बुक करायच्या आधी टूरवाल्यांना विचारा तिथं किती वाजता नेतात. दुपारी म्हणाले तर टॅक्सीच करा, आधी सिनेगॉग, मग चर्च अन् जाळी. जहाजावर दोन तास आधी परत या.

संत्रा_बर्फी
मी आधीच म्हटलं होतं टॅक्सी करा.