बांधावरची डोरगुंज (रानटी अश्वगंधा) भारी की शेतातली अश्वगंधा?

मुरमाड_रान: यंदा पाऊण एकर अश्वगंधा केली, नुकतीच उपटली. गावातले वैद्यबुवा म्हणतात, "शेतातली पोसलेली मुळं पांचट, बांधावरची डोरगुंज आण." व्यापारी उलट बांधावरच्या मुळांकडे बघतही नाही, जाड, पांढरी, टकाटक मोडणारी तेवढीच पास करतो. खरं कोण बोलतंय?

काढाप्रेमी: रानातलं ते रानातलंच. विचारायचं काय त्यात?

निवृत्त_प्रयोगशाळा: कच्च्या मालाच्या तपासणीत बावीस वर्षं गेली माझी, म्हणून लांबण लावतो.

दोन्ही मुळं मोडून बघा. शेतातलं टक्कन तुटेल, बोटांना पिठूळ लागेल. ते पीठ म्हणजे स्टार्च. बांधावरचं मोडताना चिवट तंतू निघतील. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीपासून सगळा बाजार या स्टार्चलाच भाव देतो आणि औषधी अंश मोजायचा तर विथॅनोलाइड्स नावाची रसायनं मोजावी लागतात. मूळ पिठाने फुगलं की त्यांची टक्केवारी पातळ होऊ शकते. वैद्यबुवा अगदीच हवेत बोलत नाहीत.

पण सरसकट 'रानातलं भारी' हेही मला पटत नाही. अश्वगंधेत रासायनिक वाण असतात. एकात विथाफेरीन-ए जास्त, दुसऱ्यात विथॅनोन; दोन्ही विथॅनोलाइड्सच. दिसायला झाडं सारखीच. शिवाय तुमचं पीक पाच-सहा महिन्यांचं, बांधावरच्या झुडपाने किती पावसाळे काढलेत कोण जाणे! अशा दोन मुळांची तुलना काय करणार?

आणखी एक. पानात विथाफेरीन-ए मुळापेक्षा बरंच जास्त असतं. 'मुळाच्या पावडरी'त ते भलतंच वर गेलं की मला आधी पाला मिसळल्याचा वास यायचा. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये पानं वापरू नका असं उत्पादकांना कळवलंय, ते उगाच नाही. तेव्हा नुसता मोठा आकडा बघून हुरळू नका.

खरंच छडा लावायचा असेल तर बांधावरचं बी धरून पुढच्या खरिपात दोन सऱ्या तुमच्याच पिकाशेजारी लावा. खत-पाणी, काढणी, सावलीतली वाळवण, सगळं एक. मग दोन्ही मुळांची एचपीएलसी (एकेक रसायन वेगळं करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करा. विथाफेरीन-ए आणि विथॅनोलाइड-ए वेगवेगळे मागा, कोरड्या वजनावर. फरक राहिला तर बियाण्याचा, गेला तर रानाचा नि वयाचा.

मुरमाड_रान: मोडून बघितलं. बांधावरचं तुटेना, शेवटी विळा घेतला. झुडपावर लाल फळं आहेत अजून, उद्या सकाळी बी काढतो.